चित्रपटांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला देणगी द्यायची असते, कुणाला कपाटातली जुनी रिळं योग्य हाती सोपवायची असतात, तर कुणाला स्वतःसाठीच मदत हवी असते. तिघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. रिळांबद्दल जरा जास्त लिहिलं आहे, कारण तिथली चूक नंतर सुधारता येत नाही.

चित्रपट म्हणजे पैशांचा धंदा. त्याला दान कशाला?

धंदा चालतो तो नव्या चित्रपटांवर. जो पुन्हा कमाई करून देणार नाही, त्याचे डबे सांभाळण्यात निर्मात्याला सहसा रस नसतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की १९१२ ते १९२९ या काळातल्या तिथल्या मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ ३५ मिमी रुंदीच्या फिल्मच्या रूपात पूर्ण उरले आहेत. बाकीचे काही जळाले, काही सडले आणि बरेचसे फिल्ममधली चांदी काढण्यासाठी किंवा गोदाम रिकामं करण्यासाठी मुद्दाम नष्ट केले गेले.

दुसरी बाजू माणसांची. चित्रीकरणावरचा बहुतेक कामगारवर्ग एका कामावरून दुसऱ्या कामावर जगतो. मधल्या काळात आजारपण आलं तर ना पगारी रजा, ना विमा. चित्रपटांशी संबंधित सर्वांत जुन्या धर्मादाय संस्था याच गरजेतून निघाल्या.

या संस्था नेमकं काय काय करतात?

कामगारांसाठीच्या संस्थांपैकी अमेरिकेतला मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन फंड १९२१ चा. मेरी पिकफर्ड, चार्ली चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हे त्याच्या संस्थापकांत होते. ब्रिटनमधली फिल्म अँड टीव्ही चॅरिटी १९२४ पासून, सुरुवातीला वेगळ्या नावाने, हेच काम करते आहे.

जुने चित्रपट वाचवणाऱ्यांत अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी १९९० मध्ये सुरू केलेलं द फिल्म फाउंडेशन सर्वांत परिचित. २००७ पासून त्यांचा वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट अमेरिकेबाहेरचे चित्रपट हाती घेतो. नर्तक उदय शंकर यांचा १९४८ चा 'कल्पना' त्यातूनच पुन्हा पडद्यावर आला. मुंबईत २०१४ पासून शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन काम करतं. नव्या दिग्दर्शकांना घडवणाऱ्यांत अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड यांची १९८१ ची सनडान्स इन्स्टिट्यूट आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड ही ठळक नावं.

आणि काही संस्था चित्रपट प्रेक्षकापर्यंत नेतात. ब्रिटनमधली मेडिसिनेमा रुग्णालयाच्या आतच चित्रपटगृहं चालवते, जिथे पलंगासकट रुग्णाला आणता येतं. फिल्म सोसायट्याही याच गटात धरायला हव्यात. त्या गाजावाजा करत नाहीत, पण स्वयंसेवकांच्या बळावर दशकानुदशकं चालतात.

सरकारी चित्रपट संग्रहालय असताना धर्मादाय संस्था कशाला?

सरकारी संग्रहालयाकडे जागा, कर्मचारी आणि कायमस्वरूपी अनुदान असतं. धर्मादाय संस्थेकडे निर्णयाचा वेग आणि बाहेरून पैसा उभा करण्याची मोकळीक. दोघांचं काम एकमेकांना पूरक असतं. चित्रपट संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय संघ 'फियाफ' १९३८ पासून आहे आणि त्यात दोन्ही प्रकारच्या संस्था आहेत. तुमच्या भागात कुणीच ओळखीचं नसेल तर शोध फियाफच्या सदस्ययादीपासून सुरू करा.

मला पैसे द्यायचे आहेत. कशासाठी दिले तर जास्त उपयोग होईल?

साठवणुकीसाठी. आमचं स्पष्ट मत आहे, आणि देणगीदारांना ते सहसा आवडत नाही.

एखाद्या गाजलेल्या चित्रपटाच्या रिस्टोरेशनला, म्हणजे खराब झालेली प्रत दुरुस्त करून मूळ रूपाजवळ नेण्याला, दाता सहज मिळतो: महोत्सवात खेळ होतो, श्रेयनामावलीत नाव येतं, फोटो निघतात. पण त्याच संस्थेच्या थंड खोलीचं वीजबिल, आर्द्रता काढणारं यंत्र, नवे डबे, रिळं तपासून नोंद करणाऱ्या माणसाचा पगार, यांना कुणी वाली नसतो. हा खर्च एकदाचा नाही, दर महिन्याचा आहे. एक चित्रपट झळाळून निघतो तेव्हा शेजारच्या खोलीत शंभर डबे आंबत असतात.

म्हणून शक्य असेल तर देणगीला अट घालू नका. 'सर्वसाधारण निधी' किंवा 'जतन निधी' असं लिहा. एकरकमी मोठ्या रकमेपेक्षा दरमहा ठरलेली छोटी रक्कम संस्थेला जास्त कामाची, कारण तिच्या भरवशावर माणूस नेमता येतो. अमुकच चित्रपटासाठी द्यायचं असेल, तर आधी विचारा की त्याचं मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट सापडली आहे का आणि हक्कधारकाची परवानगी मिळाली आहे का. या दोन गोष्टी नसतील तर तुमचे पैसे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतील.

संस्था खरी आहे हे कसं ओळखावं?

नोंदणी क्रमांक मागा आणि तो देशातल्या धर्मादाय नोंदणी कार्यालयाच्या यादीशी पडताळा. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब बघा. त्यात प्रशासनावर किती टक्के खर्च झाला एवढ्यावर अडकू नका. जतनाच्या कामात माणसांचा पगार हेच मुख्य काम असतं, तो 'वायफळ खर्च' नव्हे. त्यापेक्षा हे विचारा: रिळं नेमकी कुठे ठेवता? तिथलं तापमान आणि आर्द्रता किती? त्याची रोजची नोंद ठेवता का? यादी तयार आहे का? खरं काम करणारी संस्था या प्रश्नांनी खूश होते. 'सगळं सुरक्षित आहे' एवढंच उत्तर आलं तर थांबा.

सोहळे, तारांकित पाहुणे आणि पुरस्कार यांच्याच बातम्या दिसत असतील आणि वर्षभरात किती रिळं तपासली हा आकडा कुठेच नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

घरात जुनी रिळं सापडली. आधी काय करू?

आधी काहीच करू नका, म्हणजे उलगडू नका, पुसू नका, प्रोजेक्टरवर लावू नका. डबे आडवे ठेवा. ऊन, स्वयंपाकघर, पोटमाळा आणि तळघर टाळून घरातल्या सर्वांत गार, कोरड्या जागी हलवा.

मग हवेशीर जागी एकेक डबा उघडा. गंजलेलं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटताना गंजाचे कण फिल्मवर पडतात, म्हणून डबा थोडा तिरका धरून कड हळूहळू सैल करा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर झाकण लावा आणि तो डबा बाजूला ठेवा. बुरशी श्वासातून आत जाणं चांगलं नाही.

प्रत्येक डब्याचा फोटो काढा: झाकण, लेबल, आतली चिठ्ठी, रिळाची बाजू. डबा टाकण्याआधी त्यावरचा मजकूर उतरवून घ्या. पेन्सिलीने खरडलेला 'भाग ३, आवाज नाही' एवढा शब्दही तज्ज्ञाचं दोन दिवसांचं काम वाचवतो. डब्यात सापडलेला कागद मात्र बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण कागद ओल धरतो.

शेवटी फिल्मची रुंदी मोजा: ८, १६ की ३५ मिमी. त्यावरून लांबीचा अंदाज येतो. ३५ मिमीचं १००० फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने सुमारे ११ मिनिटं चालतं, १६ मिमीचं ४०० फुटीही तेवढंच, आणि सुपर ८ चं (८ मिमीचाच एक प्रकार) ५० फुटी रीळ १८ फ्रेमच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. संस्थेला पहिला ईमेल करताना रुंदी, रिळांची संख्या, लेबलवरचा मजकूर, वास आणि फोटो एवढं पाठवलंत तर उत्तर लवकर येतं.

नायट्रेट फिल्म धोकादायक असते म्हणतात. ती कशी ओळखायची?

१९५० च्या आसपासपर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या पायाची असू शकते. ८ मिमी, सुपर ८ आणि १६ मिमी या फिल्म सेफ्टी, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या प्रकारच्या असतात, त्यामुळे घरगुती चित्रणाबाबत सहसा चिंता नको.

फिल्मच्या कडेला 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' असा शब्द छापलेला असतो. पण मूळ निगेटिव्हच्या कडेवरचा शब्द प्रिंटवरही उमटू शकतो, म्हणून एवढ्या एकाच पुराव्यावर विसंबू नका. सडण्याच्या खुणा ठरावीक क्रमाने येतात: आधी चित्र फिकट होऊन पिवळसर-तपकिरी छटा येते, मग थर चिकट होतो, पुढे फेस आणि फोड, उग्र वास, नंतर सगळं रीळ एक घट्ट गोळा होतं आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. तुकडा पेटवून बघायची जुनी युक्ती कुणी सुचवली तर ती अजिबात करू नका.

नायट्रेट जळताना स्वतःचाच ऑक्सिजन सोडतं. ती आग पाण्यातही विझत नाही आणि धूर विषारी असतो. सडलेलं रीळ तर ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत बराच काळ राहिल्यानेही पेट घेऊ शकतं. संशय आला की डबा घट्ट बंद करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, गाडीच्या डिकीत ठेवू नका, टपालाने किंवा कुरिअरने तर मुळीच पाठवू नका. ती 'घातक माल' या वर्गात मोडते आणि तिच्या वाहतुकीचे वेगळे नियम आहेत. संग्रहालयाला किंवा अग्निशमन दलाला फोन करा आणि ते सांगतील तसं करा.

डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो. चित्रपट गेला का?

अजून नाही, पण घड्याळ सुरू झालंय. हा ॲसिटेट फिल्मचा (सेफ्टी फिल्मचाच एक प्रकार) आजार, त्याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. फिल्मचा पाया विघटित होऊन ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतं. म्हणून बंद डब्यात कोंडलेली वाफ घातक. तिचा त्रास शेजारच्या रिळांनाही होतो, म्हणून वास येणारे डबे वेगळ्या खोलीत ठेवा.

किती पुढे गेलंय हे नाकाने कळत नाही. त्यासाठी ए-डी पट्ट्या मिळतात: निळी पट्टी बंद डब्यात २४ तास ठेवायची, आम्ल असेल तर ती हिरवी, मग पिवळी होते. निकाल ० ते ३ या श्रेणीत वाचतात. १.५ म्हणजे विघटन वेग घेण्याच्या टप्प्यावर आलं, अशी रिळं लगेच गारव्यात न्यायची किंवा स्कॅन करायची. २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या ॲसिटेटला या टप्प्यावर यायला साधारण ४० ते ५० वर्षं लागतात. तापमान जितकं खाली, तितका हा काळ लांबतो. थंडीने आजार बरा होत नाही, फक्त मंदावतो.

दुसरी खूण आकसण्याची. १६ मिमी प्रिंटवर सलग १०० फ्रेमचं अंतर ७६२ मिमी असायला हवं. चित्राचा भाग सपाट टेबलावर ठेवून, न ताणता मोजा. सुरुवातीची कोरी पट्टी वेगळ्या फिल्मची असू शकते, ती धरू नका. अंतर ७५४ च्या खाली असेल तर फिल्म एक टक्क्याहून जास्त आकसली आहे आणि नेहमीच्या दातेरी चाकांवर तिची छिद्रं फाटतील. फिल्म कडक किंवा ठिसूळ वाटली तर हे मोजमापही संस्थेवर सोपवा.

रंगीत फिल्म गुलाबी-लाल दिसत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे: निळसर रंगद्रव्य आधी उडून गेलंय. स्कॅननंतर काही रंग परत आणता येतो, सगळा नाही.

एकदाच प्रोजेक्टरवर लावून बघितलं तर?

नको. आकसलेली फिल्म पहिल्याच फेरीत फाटते आणि दिव्यासमोर अडकली तर फ्रेम वितळते. काय आहे ते बघायचंच असेल तर स्वच्छ सुती किंवा नायट्राइल हातमोजे घाला, पहिले काही फूट हाताने सोडा, कडा धरूनच, आणि पांढऱ्या प्रकाशासमोर भिंगाने बघा. जोड सुटला तर घरातली चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

संस्था सगळी रिळं घेते का?

नाही, आणि नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. प्राधान्य असतं मूळ कॅमेरा निगेटिव्हला, मग त्यापासून काढलेल्या मास्टर पॉझिटिव्हला, आवाजाच्या निगेटिव्हला आणि शेवटी प्रदर्शनाच्या प्रिंटला. ज्याच्या दहा चांगल्या प्रिंट आधीच जपलेल्या आहेत, त्याची अकरावी कशाला घेतील? उलट, कधीच प्रदर्शित न झालेला लघुपट, जाहिरातपट, कारखान्याचं प्रशिक्षणचित्र किंवा दिग्दर्शकाने कापून टाकलेले तुकडे पाहून संग्रहालयातली माणसं धावत येतात. घरगुती चित्रणही तसंच. २००३ पासून जगभर 'होम मूव्ही डे' भरतो, तिथे लोक आपली रिळं आणतात, तज्ज्ञ ती तपासून दाखवतात. बाजार, लग्न, वाहनं, पेहराव यांचं बिनसजवलेलं दर्शन कथापटांत मिळत नाही.

काही संस्था व्हिडिओ कॅसेट घेत नाहीत, कारण त्या वाचणारी चालू यंत्रंच दुर्मीळ झाली आहेत. तसं असेल तर कुणाकडे जायचं हे त्यांनाच विचारा.

रीळ दिलं म्हणजे हक्कही गेले?

नाही. फिल्मचा डबा आणि चित्रपटाचा कॉपीराइट या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. तुमच्याकडे प्रिंट आहे म्हणून हक्क तुमचे ठरत नाहीत, आणि हक्क तुमचे असतील तर डबा दिल्याने ते जात नाहीत.

सोपवण्याचे दोन मार्ग. देणगी: वस्तू कायमची संस्थेची. ठेव: मालकी तुमची, सांभाळ संस्थेचा. ठेव सुरक्षित वाटते, पण संस्था दुसऱ्याच्या वस्तूवर मोठा खर्च करायला बिचकते, आणि ठेवीदार वारल्यावर वारस कोण यावर काम अडतं. हक्कच तुमचे असतील तर ठेव ठीक. नुसतीच प्रिंट असेल तर सरळ देऊन टाका. कोणताही मार्ग घ्या, लेखी करारात हे असू द्या: रिळांची यादी आणि आजची अवस्था, संशोधकाला दाखवण्याची परवानगी, स्कॅनची प्रत तुम्हाला मिळणार का आणि कोणत्या दर्जाची, आणि संस्था बंद पडली तर रिळं कुठे जाणार. शेवटचं कलम लोक विसरतात.

स्कॅन करून घेतलं की मूळ रीळ टाकून द्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. आजचा स्कॅन आजच्या यंत्राच्या ताकदीएवढाच असतो. वीस वर्षांपूर्वी साध्या व्हिडिओवर उतरवून मूळ फेकलेल्यांकडे आज तो धूसर व्हिडिओच उरला आहे.

डिजिटल जपणं स्वस्तही नाही. १०० मिनिटांच्या चित्रपटात १,४४,००० फ्रेम. पूर्ण फ्रेमचा ४के स्कॅन (आडवे सुमारे ४,००० बिंदू) १०-बिट डीपीएक्स या फाइल प्रकारात केला तर प्रत्येक फ्रेम सुमारे ५१ एमबी, म्हणजे एकूण साधारण ७.३ टेराबाइट, आणि तेही रिस्टोरेशन सुरू होण्याआधी. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या म्हटलं की दुप्पट. संस्था हा साठा एलटीओ या डेटा साठवण्याच्या चुंबकीय टेपवर ठेवतात. पण नव्या पिढीच्या एलटीओ-८ चं यंत्र जुन्या एलटीओ-६ ची टेप वाचत नाही, म्हणून काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवावं लागतं. गार कपाटातली चांगली, पॉलिस्टर या टिकाऊ प्लास्टिकची फिल्म यातलं काहीही न मागता पडून राहते. चित्रपटगृहात जाणारी डीसीपी ही डिजिटल प्रत तर जतनाची प्रत नव्हेच. ती दाबून लहान केलेली, दाखवण्यापुरती असते.

पोस्टर, पटकथा, फोटो, जुना प्रोजेक्टर?

कागदी वस्तू बहुतेक संस्था आनंदाने बघतात. लॅमिनेशन करू नका, घड्या घालू नका. प्रोजेक्टरला जागा लागते, म्हणून चालू स्थितीतला आणि सुट्या भागांसह असेल तरच विचारा.

मी चित्रीकरणावर काम करतो. अडचणीत मदत कशी मागू?

बहुतेक संस्था पाहतात त्या तीन गोष्टी: या व्यवसायात किती वर्षं काम केलं, आत्ता उत्पन्न किती, आणि गरज नेमकी काय. कामाचा पुरावा इथे सगळ्यात जास्त अडतो, कारण रोजंदारीवर कागद मिळत नाही. कॉलशीट, बँकेत जमा झालेली रक्कम, संघटनेचं ओळखपत्र, श्रेयनामावलीतल्या नावाचा फोटो, निर्मिती व्यवस्थापकाचं पत्र, काहीही चालतं. हे कागद अडचण येण्याआधीच एका फोल्डरमध्ये जमवत जा.

अर्जात सविस्तर कहाणीपेक्षा रक्कम आणि तारीख लिहा: कोणतं बिल, कुणाला, किती, कधीपर्यंत. मदत अनेकदा तुमच्या हाती न देता थेट रुग्णालयाला किंवा घरमालकाला दिली जाते, त्याला अविश्वास समजू नका. मदत फक्त कलाकारांना मिळते हा समज चुकीचा आहे. लाइटमन, स्पॉटबॉय, मेकअपचे सहायक, चित्रपटगृहातले प्रोजेक्शनिस्ट यांनाही अनेक संस्था धरतात. बसणार नाही असं गृहीत धरून अर्जच न करणं ही सर्वांत मोठी चूक.

चित्रपट बनवायला पैसे देतात का?

देतात, पण पूर्ण खर्च क्वचितच. निधी टप्प्यांवर असतो: पटकथा, पूर्वतयारी, संकलन. ज्या टप्प्याचा निधी आहे त्याच टप्प्यात असताना अर्ज करा. चित्रीकरण उरकल्यावर पटकथेच्या निधीसाठी केलेला अर्ज वाचलाही जात नाही. काही निधींना त्यांच्या देशातला सहनिर्माता लागतो, तर काहींना दिग्दर्शक ठरावीक प्रदेशांतलाच हवा असतो, त्यामुळे पात्रतेचं पान आधी वाचा. अर्ज बाद होतात ते बहुधा अंदाजपत्रकात: सारांशात ४० दिवसांचं चित्रीकरण आणि अंदाजपत्रकात २५ दिवसांचं भाडं, असं काहीतरी.

काही देशांत नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली देणग्या गोळा करता येतात. संस्था त्यातून साधारण ५ ते १० टक्के ठेवून घेते आणि हिशेब सांभाळते.

मदतनिधीसाठी खेळ लावतोय, तिकीट नाही. तरी परवानगी लागते?

लागते. खेळ फुकट आहे किंवा पैसे चांगल्या कामाला जाणार आहेत, यामुळे सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क आपोआप मिळत नाही. घरी बघायला घेतलेली डिस्क किंवा स्ट्रीमिंगचं खातं यांचा परवाना घरापुरताच असतो. वितरकाला तारीख, जागा, आसनसंख्या आणि तिकीट आहे की नाही हे कळवून लेखी होकार घ्या. धर्मादाय खेळासाठी बरेच वितरक शुल्क कमी करतात, मात्र विचारावं लागतं, आणि पोस्टर छापण्याआधी.

पैसे नाहीत, वेळ आहे. काय करता येईल?

यादी करणं, लेबलं वाचणं, जुन्या लिप्या आणि बोलीभाषा ओळखणं, उपशीर्षकं तपासणं, घरगुती चित्रणातल्या जागा ओळखून सांगणं. फिल्म हाताळायला मात्र आधी प्रशिक्षण लागतं. फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून फियाफच्या सहकार्याने जतनाच्या कार्यशाळा घेतं. महिन्यातून एक पूर्ण दिवस नेमाने येणारा माणूस संस्थेला हवा असतो. पहिले काही दिवस गंजलेल्या डब्यांवरून फक्त क्रमांक उतरवण्यातच जातील, तेवढी तयारी ठेवून या.